यादीबाहेरचा संगणक

फार जुनी गोष्ट नाही, यंत्रं आपापसांत बोलायची तेव्हाची. एका वाचनालयात म्हातारा संगणक होता. त्याच्या जुन्या प्रणालीची डागडुजी आता कुणी करत नव्हतं, म्हणून ग्रंथपाल हेमलताबाईंनी पेन ड्राइव्हवर नवी प्रणाली आणली. ती बसली नाही, तर तो भंगारात जाणार होता.

नव्या प्रणालीने आत डोकावून पाहिलं. "आजोबा, माझ्या मान्य संगणकांच्या यादीत तुमचं नाव नाही."

संगणकाचा पंखा घरघरला. "म्हणजे मला झेपणार नाही?"

"तसं नाही लिहिलेलं. मला बनवणारी कंपनी तुमची हमी घेत नाही, एवढंच लिहिलंय."

"अगं, मग घाबरवतेस कशाला!"

हेमलताबाईंनी पुस्तकांच्या नोंदी आधी दुसरीकडे उतरवून घेतल्या आणि यादी तपासायची पायरी बंद केली. पडद्यावर प्रश्न उमटला, "हमी नाही. तरीही पुढे जायचं?"

"हमी मी घेते," बाई पुटपुटल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

दुपारभर पंखा धापा टाकत राहिला, आणि पुस्तक शोधायला आलेल्या एक काकू बाकावर वाट पाहत बसल्या. संध्याकाळी पडदा लख्ख उजळला.

नवी प्रणाली ओशाळून म्हणाली, "आजोबा, यादीत तुमचं नाव घालायला सांगू का?"

"राहू दे गं," संगणक म्हणाला. "आधी त्या काकूंचं पुस्तक शोधू. केव्हाच्या ताटकळल्यात."