माणशी दोन हजार चारशे ऐंशी

"आणि उंदरांनी खाल्लेलं?" सारंगधरबाबांनी विचारलं.

"तेही वजा केलं, बाबा," भास्कर ढोमणे म्हणाला.

सव्वीस वर्षांपूर्वी तो याच मठातून निघून गेला होता. झोळी बाबांच्या पायाशी ठेवून म्हणाला होता, मागून देशाचं पोट भरत नाही, मोजून भरतं. आज तो देशाचा अन्नताळेबंद मांडणारा मोठा अधिकारी होता. नवा अहवाल त्याने बाबांपुढे ठेवला होता. 'बरं झालं गेलास', एवढंच त्याला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"पिकलं ते धरायचं, बाहेरून आलं ते मिळवायचं. बियाणं, गुरांचं खाणं, नासाडी वजा. उरलं त्याला माणसांनी भागायचं. माणशी रोज दोन हजार चारशे ऐंशी उष्मांक. गरजेपेक्षा जास्तच."

"उंदीर कसे मोजलेस?"

"अंदाजाने."

"आणि माणसं?"

"ती मोजलेलीच आहेत. भागायला घेतली."

"जेवली का, ते...?"

"ते यात येत नाही, बाबा. घराघरांत डोकावून देशाचं गणित होत नसतं."

"अस्सं." बाबांनी झोळी खांद्याला लावली. "चल, भिक्षेची वेळ झाली."

मठाचा नेम पाच घरांचा. दारात एकच हाक द्यायची, मिळेल ते खायचं, सहाव्या दारी जायचं नाही.

त्या दिवशी दोन घरांना कुलूप होतं. तिसऱ्यात सुतक. चौथ्यात हाकेला ओ आली नाही. पाचव्या दारात बाई पदराला हात पुसत आली.

"आज पोरांनाही नुसती पेज पाजली, बाबा. तीही संपली."

बाबांनी तिला हात जोडले.

शेजारच्या घरातून पुरणाचा वास येत होता. भास्कर थबकला.

"इथे मागा की. यांच्याकडे रगड आहे."

"माझी घरं संपली."

मठात परतल्यावर बाबांनी रिकामी झोळी झटकून खुंटीला लावली.

"तुझ्या कागदात माझं आजचं किती?"

भास्करने खुंटीवरच्या झोळीकडे पाहिलं. पण आकडा त्याचा होता, सव्वीस वर्षांच्या कष्टाचा.

"दोन हजार चारशे ऐंशी," तो ताठ मानेने म्हणाला. "सगळ्यांइतकंच."

बाबांनी तांब्या घेतला. हात धुतले, चूळ भरली, आणि जेवून उठल्यासारखा पोटावरून हात फिरवला.

"पोट भरलं, भास्करा. त्या पाचव्या घरीही सांगून ये."