धरणीनं परत केलेला खण

ऐक, काळ्या आई, तुझी कहाणी. आटपाट शिवार होतं. तिथं सुंद्रा नावाची सून नांदत होती. घरची रीत अशी, की कापणी झाली की काडी-धसकटं पेटवावीत आणि पेरणीला पांढरं खत ओतावं.

सुंद्रेला दिवस गेले. मग तिनं माहेरचा वसा घेतला. जरीकाठाचा सुती खण शेतात पुरून धरणीची ओटी भरली. वसा असा, की धरणीनं खण खाल्ला, तर ओटी पावली. कापणीनंतर तिनं उकरून पाहिलं, तो खण जसाच्या तसा!

सासू म्हणाली, "बघ ग, धागासुद्धा विरला नाही. केवढी पुण्याई!"

सुंद्रा म्हणाली, "आत्याबाई, धरणीनं ओटी परत केली. माझ्या पोटातल्या जिवाचं कसं व्हावं?"

मग ती बांधावर रडत बसली. एक म्हातारी काठी टेकत आली. म्हणाली, "मुली, माझी लेकरं मातीत राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत. काडी खातात, मग पिकाला जेवू वाढतात. तुम्ही काडीची भाकरी जाळता आणि नुसती खताची चटणी वाढता. त्यांनी मातीचा जुना कस खाल्ला. तोही आटला. आता खण खायला उरलंय कोण?"

"उपाय सांगा, आई."

"उतशील, मातशील, वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, वसा टाकणार नाही."

म्हातारीनं वसा सांगितला: काडी जाळू नये, मातीला खाऊ घालावी. मग सुंद्रेनं काडी पसरली, शेण कालवलं, पाणी दिलं, खण पुन्हा पुरला. खताचं पोतं मात्र रागानं कोपऱ्यात लोटलं. पेरलेला गहू उगवला आणि पिवळा पडला.

सासू कडाडली, "फिटली हौस? पेटव ती काडी! नाहीतर पोर उपाशी जन्मेल."

सुंद्रेनं काडेपेटी उचलली. तोच बांधावर म्हातारी. "वेडे, या खेपेस भाकरी वाढलीस, चटणी विसरलीस. लेकरांनी ती पिकाच्या ताटातली ओढली. चिमूटभर खत घाल आणि थांब. ती आधी जेवतात, मग पिकाला वाढतात."

सुंद्रेनं खत घातलं. गहू हिरवा झाला, दिवस भरत आले. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. मग ती खण उकरायला वाकली. सासूनं पाठीला हात दिला. माती भुसभुशीत लागली. खण कुठं दिसेना. हाती आली ती फक्त काठाची जरीची तार.

"आत्याबाई, खाल्ला!"

सासूनं डोळे टिपले. "आता माझ्याही नावाचा एक खण पूर, बाई."

सुंद्रा सुखरूप बाळंत झाली. जशी धरणीनं तिची ओटी स्वीकारली, तशी तुम्हां-आम्हांची स्वीकारो. ही साठां ओंजळींची कहाणी पांचां ओंजळींत सुफळ संपूर्ण.