पूजलेल्या ट्रेलरचा ब्रेक

"ब्रेक लागला पाहिजे, आणि रंगाला ओरखडा पडता कामा नये!" विश्वासराव सरकार गरजले आणि तिसरा मेकॅनिकही कानस पिशवीत टाकून चालता झाला.

सरकारांच्या शर्यतीच्या बैलांचा ट्रेलर जीपमागे जोडलेला होता. जीपमधली कळ दाबली की ट्रेलरच्या चाकांना विजेचा ब्रेक लागायचा. पण खंडेनवमीच्या पूजेसाठी सरकारांनी ट्रेलर असा रंगवून घेतला, की रंगाऱ्याने वायर लोखंडाला जोडणारा अर्थिंगचा बोल्टसुद्धा सोडला नाही, तो काढून त्याच्याखालीही रंग फासला! तेव्हापासून ब्रेक मुका. जो तो येऊन म्हणे, "बोल्टापाशी रंग खरवडायला हवा." सरकार म्हणत, "पूजलेल्या वस्तूला कानस? आमच्या घराण्यात चालत नाही!"

शर्यत दुसऱ्या दिवशी, घाटाखालच्या माळावर. भरलेला ट्रेलर उतारावर जीपलाच ढकलत नेणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. सरकारांना सांगणार कोण?

शेवटी झुंबरला बोलावणं गेलं. फाटकाशेजारी, सरकारांच्याच जागेत तिचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं.

"जमलं तर बक्षीस. नाही जमलं तर उद्या दुकान उचलायचं!"

दुकान गेलं तर घरची चूल विझणार. पण झुंबरचं तोंड काही बंद झालं नाही.

"सरकार, बॅटरीतून निघालेल्या करंटला परत बॅटरीत यायला वाट लागते. आजवर तो ट्रेलरच्या लोखंडातून यायचा. रंगाने ती वाट बुजली."

"म्हणजे तूही खरवडणारच!"

"छे हो! शेजाऱ्याने वाट अडवली म्हणून कुणी त्याचं घर पाडतं का? आपण दुसऱ्या वाटेने जायचं!"

तिने आधी बॅटरीची मायनसची वायर सोडली. रंगलेल्या बोल्टाला हातही न लावता ब्रेकच्या अर्थिंगच्या वायरी अलीकडेच कापल्या. त्यांना जाडजूड काळी वायर जोडली आणि जीप-ट्रेलरच्या मधल्या सॉकेटातून ती थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत आणली. ब्रेकला वीज नेणारी लाल वायर अगदीच बारीक होती, तीही बदलली आणि बॅटरीला खेटून तिच्यावर फ्यूज बसवला.

"हा कशाला मध्ये?" सरकारांनी भुवया चढवल्या.

"पहारेकरी दाराशीच बसवतात, सरकार. चोर आत शिरल्यावर माजघरात बसवून काय करायचंय?"

तिने मायनसची वायर परत जोडली. सरकारांनी ट्रेलरभोवती दोन फेऱ्या मारल्या. ओरखडा सापडेना! मग स्वतःच उघड्या जीपमध्ये चढले, फाटकाबाहेरच्या उतारावर सुसाट निघाले आणि कळ पार टोकापर्यंत दाबली.

कचकन! ट्रेलर जागच्या जागी थांबला. जीप थांबली. सरकारांचा जरीचा फेटा मात्र थांबला नाही. तो उडून बॉनेटपलीकडे धुळीत पडला.

फाटकाशी जमलेल्या गावाने माना खाली घातल्या. सरकारांचं टक्कल आजवर कुणी पाहिलं नव्हतं!

"झुंबर!" सरकार कडाडले. "भर रस्त्यात आमचा फेटा पाडलास! याला शिक्षा काय, ठाऊक आहे?"

झुंबरने पदर खोचला. "सरकार, ब्रेक लागला म्हणून फेटा एकटाच खाली गेला. लागला नसता, तर तो डोक्यावर शाबूत राहिला असता, आणि उद्या डोक्यासकट दरीत गेला असता!"

सरकारांनी टकलावरून हात फिरवला. मग असे हसले, असे हसले, की जीपचं स्टिअरिंग धरून बसावं लागलं. खाली उतरून त्यांनी स्वतः फेटा उचलला, झटकला आणि झुंबरच्या डोक्यावर ठेवला.

"दुकानाची जागा आजपासून तुझी! कारभारी, कागद करा!"