झाकलेलं पातेलं

एकदा एका वृद्ध साधूंच्या मठात रखमाजी नावाचा शेतकरी फडक्यानं झाकलेलं पातेलं घेऊन आला. आत साप असावा तसं त्यानं ते अंगापासून लांब धरलं होतं. "महाराज, धाकट्या भावानं धाडलंय. खरवस हाय," तो म्हणाला.

आता खरवसाला कोण भितं? पण रखमाजीच्या भीतीचं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी त्यानं धाकट्या सुभानाचा बांध कोरला. सुभाना जाब विचारायला आला, तेव्हा त्याच्या हातावर काठी घातली. तो डावा हात जन्माचा वाकडा राहिला. पंचांनी बांध पूर्ववत करून दिला, रखमाजीला चारचौघांत मान खाली घालायला लावली. न्याय यथासांग झाला. दोन घरांमधलं बोलणं मात्र पंचांना सुरू करून देता आलं नाही.

"गाय व्यायली म्हणून आळीत वाटला म्हणं. पर मला कशापायी?" रखमाजी म्हणाला. "सहा वर्सं गप ऱ्हायला आन् आज खरवस? बायको म्हणती, ह्यात कायतरी कालवलंय."

जवळ बसलेला शिष्य हुशारीनं म्हणाला, "गुरुदेव, थोडा कुत्र्याला घालून पाहू."

"कुत्र्यानं तुझं काय वाकडं केलंय?" साधू म्हणाले. त्यांनी खरवस चाखला नाही आणि टाकलाही नाही. मठाच्या वाडग्यात काढून सावलीत झाकून ठेवला, आणि पातेलं घासून रखमाजीच्या हाती दिलं. "तू खाऊ नकोस. पण आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं. घरातला गुळाचा खडा घाल आणि स्वतः नेऊन दे. हा शिष्य येईल सोबत."

हे कसलं उत्तर, ते दोघांनाही कळेना. पण शब्द मोडवेना. सुभानाच्या दारात रखमाजी उभा राहिला, तेव्हा त्याची नजर आधी कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीवर गेली. सुभाना गोठ्यातून बाहेर आला. त्यानं हात धोतराला पुसले, पातेलं वाकड्या हातानं छातीशी धरलं, उजव्या हातानं गूळ फोडला. एक तुकडा जवळ उभ्या असलेल्या नातीच्या तोंडात घातला, एक स्वतःच्या.

"खरवस कसा झाला, दादा?" त्यानं विचारलं. "आपल्या आबांच्या गाईच्या वंशाची हाय ती. म्हटलं, थोरल्या घरी पहिला वाटा जाऊ दे."

"खाल्ला न्हाई अजून," रखमाजी कसाबसा म्हणाला.

सुभानाला सगळं उमगलं असावं. "मग लवकर खा. सांजच्याला आंबतो," एवढंच तो म्हणाला.

दोघे परत येताच साधूंनी शिष्याला विचारलं, "सुभानानं गुळाचं काय केलं?"

"नातीला दिला. मग स्वतः खाल्ला."

साधूंनी वाडगा रखमाजीपुढे सरकवला. रखमाजीनं एक घास घेतला, मग दुसरा. त्याला रडू आवरेना. "महाराज, त्याच्या जागी मी असतो तर कालवलं असतं," तो म्हणाला. उरलेला खरवस बायकोसाठी घेऊन तो घरी गेला.

शिष्यानं विचारलं, "गुरुदेव, आपणच एक घास खाल्ला असता तर त्याची शंका तेव्हाच फिटली नसती का?"

"खरवस चांगला आहे, एवढंच त्याला कळलं असतं," साधू म्हणाले. "भाऊ चांगला आहे, हे कळायचं होतं. शंका तर मलाही होती, बाबा. पण ज्याच्या मनात विष असतं, तो वैऱ्याच्या घरचा गूळ नातीच्या तोंडात घालत नाही. आधी वास घेतो. पंचांनी रखमाजीला शिक्षा दिली, तरी स्वतःच मारलेल्या काठीची भीती त्याच्या मनातून गेली नव्हती. सुभानानं केव्हाच क्षमा केली होती. ती घ्यायची हिंमत ह्याच्यात नव्हती."

दुसऱ्या दिवशी मठाचा वाडगा परत आला. रखमाजीनं आणला होता, आणि सुभाना त्याच्या मागे उभा होता. वाडग्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे होते. शिष्यानं दोन-चार तोंडात टाकले. वास घ्यायचं आपल्याला सुचलंही नाही, हे त्याच्या बऱ्याच वेळानं ध्यानात आलं.