खोतांचा पूल

शेंदरबेटावरून पलीकडच्या बाजाराला जायला एकच वाट होती, जुना दगडी कमानींचा पूल. एका सकाळी बेटाचे खोत भाऊराव पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले आणि गरजले, "हा पूल माझ्या पणजोबांनी बांधलाय. मासळीच्या पाट्या यावरून जायच्या नाहीत. घाण होते!"

ऊन चढत होतं, मासळी नासायला लागली होती. कोळणी रडकुंडीला आल्या. त्यांच्यातली चांगुणा मात्र हात जोडून पुढे झाली.

"पणजोबा मोठेच हो, सरकार. पण बेटावर पहिल्यांदा आले, ते आमच्या आज्या-पणज्यांसारखे होडीतनंच ना?"

खोत भडकले. "तुमच्या त्या कुबट होडीत? अगं, खोती मिळाली त्याच दिवशी ते पांढऱ्या घोड्यावर बसून याच पुलावरून बेटावर आले! त्याआधी आमच्यातल्या कुणी या बेटाचं तोंडही पाहिलं नव्हतं!"

"असं होय!" चांगुणा म्हणाली. "म्हणजे ते यायच्या आधीच पूल उभा होता. मग तो होडीतनं आलेल्यांनीच बांधला असणार. सरकार, खुर्ची जरा बाजूला घ्या. आमच्या पुलावर वाट अडतेय."

सगळा घोळका खो खो हसला. खोतांनी खुर्ची बाजूला ओढली. त्यांच्या नाकासमोरून पाट्या एकामागून एक पलीकडे गेल्या.