तानूआज्जीचा सोमवार

“म्हणजे तानूची आई खोटं बोलली म्हणायची का?” केवलबुवांनी विचारलं.

“खोटं नाही, बुवा. विसरली असेल. बाळंतिणीला वार कुठला लक्षात राहतोय!” सौमित्र म्हणाला, आणि मांडीवरचा लॅपटॉप त्यानं बुवांकडे वळवला.

बुवांनी तिकडे बघितलं नाही. ते समईच्या वाती वळत होते.

“यंत्र काय म्हणतं?”

“मंगळवार. दहादा विचारलं, दहादा मंगळवार.”

“आणि तानू काय म्हणते?”

“आज्जी काहीच म्हणत नाहीत…”

तेच तर झालं होतं. नदीकाठच्या केवलबुवांच्या मठाचा रिवाज असा, की ज्याचा जो जन्मवार, त्या वारी त्यानं एकवेळच जेवायचं. ज्याला आपला वार ठाऊक नाही, त्याला बुवा जुनी पंचांगं चाळून काढून देत. बुवांचे डोळे अधू झाले, पंचांगांना वाळवी लागली, तेव्हा सौमित्र पुढं सरसावला. सौमित्र म्हणजे गावचा जावई. पुण्यात कॉम्प्युटरवाला, गेल्या साली बुवांचा उपदेश घेतलेला. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण हुशारी अशी, की सासूबाईंनी पुरणपोळी वाढली तरी ती गोल कशी करावी हे हा आधी सांगणार, मग खाणार.

एका रविवारात त्यानं प्रोग्राम लिहिला. तारीख टाका, वार घ्या. मठाच्या वहीतली तीनशे माणसांचे वार त्यातून काढले आणि यादी छापून मंडपाच्या खांबाला डकवली.

यादीत तानूआज्जीपुढं मंगळवार आला.

तानूआज्जी आईनं सांगितलेला सोमवार बेचाळीस वर्षं धरत होती. पोरगा विषमज्वरातून उठला, त्या दिवसापासून. आजारपणातसुद्धा मोडला नाही. यादी कुणीतरी वाचून दाखवली आणि बाईनं चूलच पेटवली नाही. परवा सकाळपासून नुसत्या पाण्यावर. शेजारणी ताट घेऊन गेल्या तर म्हणाली, “उपाशी राहायच्या दिवशी जेवले गं मी एवढी वर्षं. आता कुठल्या वारी जेवू तेच कळंना.”

अठ्ठ्याहत्तरीचं शरीर. डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर तालुक्याला न्यावं लागेल.

“तपासलंस का?” बुवा म्हणाले.

“ओळ न् ओळ. दोनशे तारखा घालून बघितल्या. माझी जन्मतारीख बरोबर येते. सासऱ्यांची बरोबर. पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस, शुक्रवार, बरोबर. सव्वीस जानेवारी पन्नास, गुरुवार, तीही बरोबर.”

“आणि तानूची?”

“सोळा फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठेचाळीस. मंगळवार.”

“ती म्हणते ते बरोबर असं धरून कधी शोधलंस?”

सौमित्र हसला. “बुवा, गणिताला कुणाचं धरून चालत नाही हो.”

“हं…”

बुवांनी वाती बाजूला ठेवल्या. आत वळून हाक मारली, “कमळाक्का, तांब्याचं ताट आण. तेहतीस बत्तासे मोज, आणि वर एक निरांजन लावून आण.”

मठाचा स्वयंपाक बघणारी कमळाक्का दारात येऊन उभी राहिली. “बुवा, हे तर धोंड्याचं वाण झालं! जावयाला द्यायचं.”

“जावईच आहे की गावचा.”

“अवो, पण चैत्रात?”

“आण तू.”

ताट आलं. बुवांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि सौमित्रपुढं धरलं. ज्योत वाऱ्यानं एकदा वाकली, पुन्हा उभी राहिली.

कमळाक्कानं तोंडाला पदर लावला. “बरं झालं जावईबापू, सासूचं काम बुवांनीच उरकलं!”

बुवांचं वय झालं, असंच सौमित्रच्या मनात आलं. थोडी दयाही वाटली.

“बुवा,” तो जपून म्हणाला, “धोंडा अधिक महिन्यात देतात.”

“मग? यंदा अधिक नाही का?”

“आहे ना. अधिक ज्येष्ठ आहे. पण अजून पुरता वैशाख जायचाय.”

“वर्ष तर अधिकाचंच आहे.”

“वर्ष आहे हो! म्हणून काय चैत्रापासूनच धरायचा? महिना यायच्या आधीच तो आला म्हणून कसं…”

तो थांबला.

बुवांनी ताट तसंच धरून ठेवलं होतं.

“कसं…” सौमित्र पुन्हा म्हणाला, या वेळी कुणालाच नाही.

मग त्यानं लॅपटॉप ओढला. एक ओळ खाली, दोन ओळी वर. दर चार वर्षांनी येणारा तो जास्तीचा दिवस त्यानं वर्षाच्या अगदी सुरुवातीलाच मिळवला होता. अठ्ठेचाळीस साल लीपचं. एकोणतीस फेब्रुवारी उगवायच्या आधीच, एक जानेवारीपासूनच, प्रोग्राम एक वार पुढं चालत होता. मार्चपासून पुढं सगळं बरोबर. सव्वीस जानेवारी पन्नासही बरोबर, कारण ते साल साधं. त्याच्या दोनशे तारखांत लीप वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांतली एकही नव्हती.

त्यानं ओळ बदलली. तारीख टाकली.

सोमवार.

त्यानं ती पुन्हा टाकली.

सोमवार.

कमळाक्का वाकून बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण सौमित्रचं तोंड वाचता येत होतं. “झालं?” तिनं हळूच विचारलं.

“झालं.” त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण अर्ध्या मिनिटातच आवाज सावरला, गडी मूळपदावर आला. “एका ओळीचा तर घोळ होता, बुवा! आता पाच हजार तारखा घालून बघतो. मुंगी शिरायला जागा ठेवत नाही. आज रात्रीतच… नाही, आत्ताच नवी यादी छापून आणतो.”

“कशाला?”

“आज्जींना दाखवायला. छापलेलं बघितलं की पटेल त्यांना. सांगतो, आज्जी, निर्धास्त जेवा, तुमचा सोमवार बरोबर निघाला.”

बुवांनी ताट खाली ठेवलं. निरांजन त्यातून उचलून देवापुढं नेऊन ठेवलं. परत आले, बसले.

बाहेर उन्हं उतरायला लागली होती.

“जाऊ ना मग?” सौमित्र उठला. लॅपटॉप काखेत होता.

“ते इथं ठेव.”

“ठेवतो. पण मग त्यांना सांगू काय?”

“मी चुकलो म्हण,” बुवा म्हणाले. “आणि भूक लागलीय म्हण.”