यमुनाकाकीच्या तीन बाटल्या

एका गावात एक भोळा जनू होता. सांगाल ते करायचा. नेमकं तेवढंच करायचा, हीच पंचाईत.

त्याची यमुनाकाकी जांभळाचा रस काढायची. मुलींच्या वसतिगृहाच्या शेलारबाई तिला म्हणाल्या, "रस कुठे ठेवला की आंबत नाही, ते आठ दिवसांत दाखवा. मग हंगामभर तुमचाच रस घेऊ." काकी हरखली. नेमका तिचा पाय मुरगळला आणि काम जनूच्या गळ्यात पडलं.

काकी खाटेवरून म्हणाली, "एकाच पातेल्यातला रस तीन बाटल्यांत भर. एक फ्रीजमध्ये, एक माठाजवळ, एक चुलीवरच्या फळीवर. बाकी तिघींचं सगळं सारखं हवं."

"बरं."

संध्याकाळी जनूने बाटल्यांना हात लावून पाहिला. एक गार, एक कोमट, एक गरम. सारखं कुठे आहे? त्याने तिन्ही फ्रीजमध्ये ठेवल्या.

काकीने कपाळावर हात मारला. "अरे, जागेवरची बाटली जागेवरच हवी! काही झालं तरी हलवायची नाही!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी शेळी आत शिरली. माठाजवळची बाटली तिने आडवी केली आणि सांडलेला रस चाटूनपुसून साफ केला. जनू शेजारी हाताची घडी घालून उभा होता.

"बघत काय राहिलास?"

"हलवायची नाही म्हणालीस ना!"

"अरे, बाटलीला जो तोंड लावील त्याला काठीने हाकल! आता तिन्ही पुन्हा भर."

"बरं."

तीन दिवस सुखात गेले. चौथ्या दिवशी काकीला राहवेना. ती लंगडत आली आणि चव घ्यायला बाटली तोंडाला लावली. जनूने काठी उचलली. पळता पळता काकीचा दुसरा पायही मुरगळला.

आठव्या दिवशी आंबटपणाची मोजणी मात्र त्याने चोख केली. प्रत्येक बाटलीतला चमचाभर रस घेतला आणि काकीने सांगितल्याप्रमाणे तो निळा होईपर्यंत त्यात खाण्याच्या सोड्याचं पाणी थेंब थेंब घातलं. जितके थेंब जास्त, तितका रस आंबट. फ्रीजचे नऊ, माठाचे चौदा, फळीचे बावीस.

काकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "शहाणं गं माझं लेकरू! जिंकलो आपण! आता बाई आल्या की पेला भरून दे. आंबट रस तेवढा देऊ नकोस हं."

"बरं."

जनू विचारात पडला. फ्रीजच्या रसालाही नऊ थेंब लागले होते. म्हणजे तोही आंबटच की! तो कामाला लागला.

बाई आल्या. जनूने पेला पुढे केला. रस हिरवागार होता आणि वर फेस आला होता.

"हा कसला रस?"

"जांभळाचा," जनू छाती फुगवून म्हणाला. "तिन्ही बाटल्या आणि तुमच्यासाठी काढलेलं पिंप, सगळ्यात डबे रिकामे होईपर्यंत सोडा घातलाय. आता कुठेही ठेवा बाई, आंबायला त्यात काही उरलंच नाही!"